पान सातवरची शेळी

पेटी सोमवारी आली, आणि मुख्याध्यापक सर्जेराव सरांनी ती पाहताक्षणी ठरवून टाकलं, की ती उघडायचीच नाही.

"मॅडम, गोष्ट एकदम सोपी हाय," ते सुमेधाला म्हणाले. "पेटी आठ दिवस आपल्याकडं राहणार. उघडलीच न्हाई तर आतला माल खराब कसा होईल? नवव्या दिवशी जशीच्या तशी पुढच्या शाळेला. सही, शिक्का, विषय खतम."

"सर, पुस्तकं वाचायला पाठवलीत त्यांनी."

"ते मला बी कळतं. पण वाचायला पाठवलीत तर मंग ही नियमावली कशाला पाठवली?"

नियमावली चार पानांची होती. जालन्याला मस्तगडात 'नवांकुर वाचन मंडळ' नावाची संस्था होती. देशोदेशीची चित्रपुस्तकं पत्र्याच्या पेटीत घालून ती शाळोशाळी फिरवायची. मंडळाचे कार्यवाह नरहरराव जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या बांधांची भांडणं पाहिल्यामुळे कुठलीही गोष्ट नियमात बसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. हात साबणाने धुवावेत. पान उलटताना बोटाला थुंकी लावू नये. पुस्तक पालथे घालू नये. अकराव्या कलमात तर, 'चित्रांना अनावश्यक स्पर्श टाळावा' असं होतं. पण याच माणसाने चोवीसपैकी तेवीस पुस्तकांतल्या परदेशी मजकुराखाली स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात मराठी पट्ट्या लिहून चिकटवल्या होत्या, हेही खरं.

शाळा अंकुशनगरच्या साखर कारखान्यापासून तीन किलोमीटरवर, दोन शिक्षकांची. गावातली पोरं तेवीस आणि हंगामात ऊसतोडीला आलेल्या मजुरांची अठरा. सुमेधा रोज अंबडहून स्कूटीवर यायची. नोकरीला सहा वर्षं झाली होती, आणि सहा वर्षांत शाळेच्या ग्रंथालयात नवीन आलेली एकमेव वस्तू म्हणजे ग्रंथालयाचं कुलूप. तिने मंगळवारी पेटी उघडली. सर्जेराव सर पाठ फिरवून उभे राहिले. म्हणजे उद्या कुणी विचारलंच तर आपण पाहिलं नव्हतं, असं म्हणता यावं.

दोन दिवस पोरं पुस्तकांवर तुटून पडली, हात धुऊन. जपानच्या पुस्तकातली मुलं मास्तरांसकट बसून आपली शाळा झाडतात, हे वाचून कुणालाच काही वाटलं नाही. "यात गोष्ट काय हाय? आपण रोजच झाडतो." अमेरिकेतल्या पुस्तकातला मुलगा आईला सरळ उलटून बोलतो आणि आई तरी त्याला जेवायला वाढते, हे मात्र सगळ्यांनी पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. केनियाच्या पुस्तकातली मुलगी डोक्यावर पाण्याची घागर घेऊन सोळा पानं हसत चालत होती. चौथीतल्या मिथुनने शंका काढली, "मॅडम, घागर भरलेली असल्यावर कोण हसतं? मान दुखती."

"ते पुस्तक काढणारे लंडनचे हायेत," सुमेधाने मलपृष्ठ पाहून सांगितलं.

"हां. मंग त्यानला काय म्हाईत."

गुरुवारी सकाळी मात्र दुसरीतली मोनाली एक पुस्तक छातीशी धरून सुमेधासमोर येऊन उभी राहिली. तिचा चेहरा रडवेला झाला होता. मोनालीचे आईबाप कारखान्याच्या माळावर उसाच्या पाचटाच्या कोपीत राहायचे. पहाटे चारला फडात जायचे. पोरीला शाळेत सोडायला आजी यायची, चांगुणाबाई.

"मॅडम, ह्या पोराचे मायबाप मेले का?"

सुमेधाने पुस्तक पाहिलं. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातलं होतं. पान सातवर भलीमोठी निळी खोली, मध्ये पलंग, आणि पलंगावर पाच वर्षांचा एक मुलगा एकटाच. बाहेर बर्फ. पलंगाखाली अंधारात दोन डोळे.

"न्हाई गं. आहेत की. शेजारच्या खोलीत झोपलेत."

"शेजारच्या?" मोनालीचा विश्वासच बसेना. "घर असून त्याला वेगळं निजवलं? त्यानं काय केल्तं?"

"काही केलं न्हाई. तिकडं अशीच पद्धत असते."

तोवर सगळा वर्ग गोळा झाला होता. एकटं झोपणारं पोर, ते थंडीत आणि खाली भूत असताना, ही गोष्ट कुणाच्याही पचनी पडेना. प्रत्येकाने आपल्या घरी एका अंथरुणात किती जण झोपतात ते सांगितलं. सर्वांत मोठा आकडा सात निघाला. इतक्यात सर्जेराव सरांनी दारातून हाक मारली. वरच्या कार्यालयाची ऑनलाइन बैठक सुरू झाली होती आणि सरांना मोबाइलचा आवाज बंद करता येत नव्हता. जाता जाता सुमेधा म्हणाली, "बरं, त्या पोरासाठी काय करायला पाहिजे, त्याचा विचार करून ठेवा. मी आलेच."

बैठक चाळीस मिनिटं चालली. ती परत आली तेव्हा विचार पूर्ण झाला होता आणि अंमलबजावणीही. पान सातवर त्या मुलाच्या उजव्या अंगाला एक आजी झोपली होती. डाव्या अंगाला दोन बहिणी. पायथ्याशी एक शेळी. हे सगळं काळ्या आणि तपकिरी स्केचपेनने, चांगलं ठसठशीत.

"आता त्याला भ्याव न्हाई वाटायचं," मोनालीने सांगितलं.

सुमेधाला ओरडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी तिला हसूही येऊ लागलं. दोन्ही एकदम आल्यामुळे ती नुसतीच उभी राहिली. सर्जेराव सर मात्र भिंतीला टेकले.

"गेली नोकरी," ते म्हणाले. "मॅडम, आता आपली बदली पार भोकरदनच्या टोकाला. मला शुगर हाय. तिथं मला पथ्याचं कोण करून घालंल?"

मग उपाय सुरू झाले. खोडरबराने आजी जरा पसरली आणि जाड झाली. सरांनी आपल्या टेबलातून पांढऱ्या शाईची बाटली आणली, चुकीचं लिखाण झाकायची. त्यांनी आजीला वरपासून खालपर्यंत रंगवून काढलं. शाई वाळल्यावर पाहतात तो काय, मुलाच्या शेजारी पांढरं फटक भूत झोपलेलं. पहिलीतल्या दोन पोरींनी किंकाळ्या फोडल्या आणि एक जण शाळेबाहेर पळाला. त्याला आणायला तीन जण पळाले. तेवढ्यात मोनालीने आजीला पुन्हा माणसात आणलं. या वेळी पांढऱ्या शाईवर स्केचपेन जास्तच खुललं.

"चिकटवून टाका ते पान," सर म्हणाले. "सहा अन् सात. एकात एक."

"सर, मग गोष्टीत तो झोपायला जाईल आणि उठणारच न्हाई."

"न उठू द्या! आपल्याला काय करायचंय?"

ही बाचाबाची पोरांसमोर नको म्हणून दोघं व्हरांड्यात गेली. तिथे सरांनी सुमेधाला विचारण्याच्या आत जालन्याला फोन लावला आणि घाईघाईने सांगून टाकलं, की पुस्तकांना जरा ओल लागलीय, काळजीचं काही कारण नाही, पण एक-दोन पानं खराब झाली असण्याची शक्यता आहे. फोन ठेवून ते समाधानाने म्हणाले, "आता कसं! ओल कुणी लावून घेतली, ते कोण विचारतं?"

पण मघाच्या सगळ्या धावपळीतून वर्गात एक वेगळीच समजूत पसरली होती. मोनालीने चित्र काढलं. मॅडम रागावल्या नाहीत. सर स्वतः बाटली घेऊन रंगवायला बसले. म्हणजे पुस्तकं यासाठीच आली होती! आणि व्हरांड्यातली चर्चा अर्धा तास चालली. मध्ये सरांनी शुगरची गोळी घेतली. दोघं आत आली तेव्हा एकेचाळीस पोरं जगाची दुरुस्ती करण्यात गढून गेली होती. केनियाच्या मुलीच्या कपाळावर आठ्या आल्या होत्या आणि घागरीला दुसऱ्या बाजूने एका मुलाचा हात लागला होता. जपानच्या मास्तरांच्या हातातला झाडू मोठा झाला होता आणि ओठावर मिशी उगवली होती. ती मिशी आपली आहे, असा सर्जेराव सरांना दाट संशय आला. एका फ्रेंच मुलीला बर्फात कुणीतरी कानटोपी आणि स्वेटर दिला होता. चोवीस पुस्तकांपैकी हात न लागलेलं एकही उरलं नव्हतं.

शुक्रवारी साडेअकराच्या एस.टी.ने नरहरराव आले. ओल लागल्याचं ऐकून त्यांना झोप लागली नव्हती. पिशवीत टीपकागदाचे दोन गठ्ठे, टाल्कम पावडरचे तीन डबे आणि सवयीने बरोबर घेतलेली स्टीलची पट्टी.

"उन्हात ठेवली नाहीत ना? उन्हात ठेवायची नाहीत," असं म्हणत त्यांनी चप्पल काढली, पेटी उघडली आणि वरचं पुस्तक हातात घेऊन पानांवरून हलकेच बोट फिरवलं. पान सातवर बोट थांबलं.

त्यांनी ते पान खिडकीच्या उजेडात धरलं.

"ही ओल आहे?" नरहररावांनी विचारलं.

सर्जेराव सर खिडकीबाहेर पाहू लागले. सुमेधा पुढे झाली. "ओल न्हाई. मुलांनी काढलंय. सर घाबरून खोटं बोलले, मी नाही बोलणार."

नरहरराव शाळेतल्या एकमेव खुर्चीत बसले. त्यांनी वही काढली, रकाने आखले आणि पंचनामा सुरू केला. पुस्तकाचे नाव, पान क्रमांक, विद्रूपतेचे स्वरूप, मोजमाप.

"पान सात. मुलाच्या उजव्या बाजूस एक वृद्ध स्त्री. सात सेंटिमीटर."

"आज्जी हाय ती," मोनाली म्हणाली.

"डाव्या बाजूस मुली दोन. पायथ्याशी एक कुत्रा."

"शेळी!" सगळा वर्ग ओरडला.

"शेळीची शेपटी एवढी लांब नसते."

"ती झोपली हाय ना. झोपल्यावर सैल पडती."

नरहररावांनी थोडा विचार केला आणि 'कुत्रा' खोडून 'शेळी (झोपलेली), साडेतीन सेंटिमीटर' असं लिहिलं. नोंद बिनचूक हवी. "पण शेळी घरात कशाला?"

"मंग थंडीत भाईर ठिवायची का?" मोनालीने विचारलं. या प्रश्नाला वहीत रकाना नव्हता.

असा पंचनामा दीड तास चालला. सतराव्या क्रमांकाचं पुस्तक उघडल्यावर नरहरराव ताठ झाले. त्या पेटीतलं ते एकमेव मराठी पुस्तक होतं. त्यात शहरातला एक गोरा-गोमटा मुलगा सुटीत खेड्यात जातो. तिथे त्याला शेंबडा, मळक्या सदऱ्याचा एक मुलगा भेटतो, आणि शहरातला मुलगा त्याला हात धुवायला, दात घासायला आणि खरं बोलायला शिकवतो. आता त्या खेड्यातल्या मुलाचा सदरा पांढऱ्या शाईने धुऊन निघाला होता. पानाच्या मोकळ्या जागेत विहीर आली होती. विहिरीत शहरातला मुलगा गटांगळ्या खात होता आणि मळका मुलगा त्याला एका हाताने धरून सांगत होता, 'भिऊ नको. मी हाय.'

"हे कुणी केलं?"

मिथुन उभा राहिला. "मी."

"हे पुस्तक मी लिहिलेलं आहे," नरहरराव म्हणाले.

मिथुनने मान खाली घातली नाही. "सर, तुम्ही आमच्याकडल्या वस्तीवर कधी आल्ता?"

"आज. पहिल्यांदाच."

"मंग बराबर हाय," मिथुन समजूतदारपणे म्हणाला आणि खाली बसला.

नरहररावांचे कान लाल झाले. त्यांनी वही मिटली. "मॅडम, झालं ते झालं. पण मंडळाची शिस्त आहे. शाळेचं माफीपत्र द्या. खाली त्या मुलीच्या पालकांचा अंगठा आणि या मुलाची सही. मी प्रकरण वर जाऊ देणार नाही."

सर्जेराव सरांनी कागद आधीच काढला होता. सुमेधाने तो त्यांच्या हातातून घेतला. तिला तिसरीतली आपली शाळा आठवली. पुस्तकातल्या चित्रात एक मुलगी होती, रिबिनीची, झोपाळ्यावर बसलेली. त्या चित्राखाली तिने 'सुमेधा' असं लिहिलं होतं, कारण अख्ख्या पुस्तकात त्या नावाचं कुणीच नव्हतं. त्याबद्दल तिला तासभर कान धरून उभं केलं होतं. मग माफी मागायला लावली होती. तीही तिने मागितली होती. कशाची, ते आजवर कळलं नव्हतं.

"माफीपत्र मिळणार न्हाई," ती म्हणाली.

"मॅडम!" सर्जेराव सर कळवळले. "भोकरदन!"

"भोकरदनला बी पोरं असतील की, सर." ती नरहररावांकडे वळली. "प्रश्न मी विचारला होता. त्या पोरासाठी काय करायला पाहिजे, असा. त्यांनी उत्तर दिलं. उत्तर दिल्याबद्दल मी पोरांना माफी मागायला लावणार न्हाई. काय कारवाई करायची ती माझ्यावर करा."

तेवढ्यात दुपारच्या सुटीला मोनालीला न्यायला चांगुणाबाई दारात आल्या. माफीपत्रावर अंगठा पाहिजे असं सर्जेराव सरांनी त्यांना कसंबसं समजावलं. "कशापायी? काय चोरलं का पोरीनं?" म्हणून त्यांनी पुस्तक मागून घेतलं आणि लांब धरून पाहिलं.

"ही कोन म्हनावं?"

"तू हाय, आज्जे," मोनाली म्हणाली.

"मी? अन् माह्या डोक्यावरला पदर कुठंय?" चांगुणाबाई भडकल्या. "परक्याच्या घरात निजायला गेले अन् डोक्यावर पदर न्हाई? अंगठा मागू नगा, आधी पदर घाला." मग त्यांची नजर मधल्या मुलावर गेली आणि आवाज उतरला. "हे लेकरू एकलंच व्हतं व्हय आधी?"

"तिकडं तशी पद्धतच आहे, बाई," नरहरराव म्हणाले. "मूल दोन वर्षांचं झालं की वेगळ्या खोलीत. माझा नातू ऋषी अमेरिकेत असतो. तोही एकटाच झोपतो."

"रडत न्हाई का?" मोनालीने विचारलं.

"रडतो." नरहररावांनी चष्मा काढून पुसला. "सुरुवातीला रडायचा. व्हिडिओवर दिसायचं आम्हाला."

"मंग तुम्ही काय करायचे?"

"आम्ही इथून हात हलवायचो."

पोरं हसली नाहीत. मोनाली थोडी पुढे सरकून त्यांच्या खुर्चीला टेकून उभी राहिली. नरहररावांनी टाल्कम पावडरचे डबे पिशवीत भरले, पट्टी भरली, आणि निर्णय लेखी कळवण्यात येईल असं सांगून ते अडीचची एस.टी. पकडायला निघून गेले. पेटी तिथेच राहिली. पुढचे नऊ दिवस सर्जेराव सरांनी भोकरदनला भाड्याची खोली आणि खानावळ शोधण्यात घालवले.

दहाव्या दिवशी रजिस्टर पत्र आलं. सर ते उघडायला तयार नव्हते म्हणून सुमेधानेच ते वर्गात मोठ्याने वाचलं.

"सदर पेटीतील सर्व पुस्तके विद्रूप झाली असून ती अन्य शाळांस पाठविण्यायोग्य राहिलेली नाहीत. माफीपत्र देण्यास आपण स्पष्ट नकार दिल्याने मंडळाने पुढीलप्रमाणे कठोर निर्णय घेतला आहे. एक, सदर पेटी कायमस्वरूपी आपल्याच शाळेत राहील व तिचा सांभाळ आपणास करावा लागेल. दोन, मंडळाची कोणतीही नवीन पेटी आपणाकडे पाठविली जाणार नाही. तीन, इतर शाळांना जरब बसावी म्हणून या पत्राची प्रत सर्व शाळांस पाठविण्यात येत आहे."

"कायमची!" सर्जेराव सर मटकन बसले. "म्हंजी रिटायर होईपर्यंत मी हिची राखण करू?"

सुमेधाने पत्र पुन्हा एकदा, मनात वाचलं. मग पोरांना सांगितलं, की शिक्षा झाली आहे आणि ती फार कडक आहे. आता ही पुस्तकं आपल्याला कुणीही परत मागणार नाही. पहिले दोन क्षण कुणाला काही कळलं नाही. मग जो आरडाओरडा झाला तो रस्त्यावरून चाललेल्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानेही गाडी थांबवून ऐकला. हे पत्र रागाने लिहिलंय की आणखी कशाने, ते त्या मोत्यासारख्या अक्षरावरून काही सांगता येत नव्हतं.

दुपारी तिचा मोबाइल वाजला. शेजारच्या गावातल्या शाळेवरचे आदिनाथ सर होते. आवाज अगदी दबका, जणू खिडकीत कुणी ऐकत असावं.

"मॅडम, पत्राची प्रत आम्हाला बी आली. उद्या आमच्याकडं दुसरी पेटी येऊन राह्यली. एक विचारायचं व्हतं. म्हंजी कमीत कमी किती पानं खराब झाली की पेटी ठिवून घेता येती?"

"सर, तसा काही नियम न्हाई."

"आमची पोरं तयार हायेत, बिलकुल तयार. फक्त ते माफीचं एकदा पक्कं सांगा. त्यांनी लईच आग्रह धरला, तर?"

"मागायची न्हाई," सुमेधा म्हणाली. "कुणीच न्हाई."